बटर फ्रूटचं शिकरण

मित्रांनो, जयनगरातल्या एका घरामागचं मी बटर फ्रूटचं जुनं झाड. तुम्ही मला ॲव्होकॅडो म्हणता. नाव काहीही द्या, पण माझी गोष्ट ऐकल्याशिवाय मला नावं ठेवू नका.

मधुकरकाका इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. त्यांनीच माझी बी पत्र्याच्या डब्यात रुजवली. कित्येक वर्षं मी नुसती पानंच दिली, तेव्हा कल्पनाकाकू मला ‘खायला काळ नि भुईला भार’ म्हणत. मग फळं धरली आणि गल्लीभर कौतुक सुरू झालं. माझ्यातली चरबी हृदयाला बरी आणि चोथ्यामुळे पोटही साफ राहतं. मात्र मिटक्या मारत रोज दोन-दोन फळं खाल्लीत, तर वजन वाढेल.

मागच्या वर्षी काकांची मूत्रपिंडं अधू झाली. पोटॅशियम वाढू नये म्हणून डॉक्टरांनी केळं बंद केलं. पण काकांना पोळीबरोबर शिकरण हवंच. काकूंनी तोड काढली आणि केळ्याऐवजी माझा गर दुधात कुस्करला. हृदयाला चांगलं ते मूत्रपिंडाला वाईट कसं असेल, असं त्यांना वाटलं. माझ्यात केळ्याहूनही जास्त पोटॅशियम असतं, पण ते सांगायला झाडाला तोंड कुठे? काका वाटी चाटूनपुसून संपवत.

एके सकाळी काकांच्या पायांतलं बळच गेलं. दवाखान्यात रक्त तपासलं, तर पोटॅशियम फार वाढलेलं निघालं, तेव्हा शिकरणाचा उलगडा झाला. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ते वाचले. ते घरी आले त्याच दिवशी काकूंनी महांतेश माळ्याला कुऱ्हाड घेऊन बोलावलं. तो आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, “अक्का, स्वल्प, थोडा विचार करा.” काकू रडत होत्या. आपल्याच हाताने नवऱ्याला विष घातलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

काका काठी टेकत मागच्या दारी आले.

“अगं, मला सोसत नाही म्हणून ते विष होत नाही. आपण विचारायला हवं होतं. राहू दे त्याला.”

महांतेशने कुऱ्हाड खाली ठेवली.

आता काका माझी फळं शेजारीपाजारी वाटतात. देण्याआधी घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार नाही ना, हे विचारतात. मित्रांनो, फळ कितीही गुणी असलं तरी ते कुणाच्या ताटात पडतंय हे पाहा. पथ्य असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांनी मला लावलं, त्यांनाच माझं फळ चालत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. संध्याकाळी ते खुर्ची टाकून माझ्याखाली बसतात. सावली तेवढी त्यांना चालते. म्हणून यंदा मी पानं जरा दाटच धरली आहेत.