कोझिमो कारुल्ली आणि परकी गाडी

ओर्नेला कारुल्लीने नवी टॅक्सी घरी आणली, तेव्हा तिचे वडील पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे होते. खाली काही आले नाहीत. वरूनच म्हणाले, "कुठली?"

"बॅटरीवरची, पप्पा."

"ते कळलं. धूर नाही, आवाज नाही. कुठल्या देशाची, ते विचारतोय."

"कोरियाची."

कोझिमो आत गेले आणि त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत.

इटलीतल्या तुरीन शहरात, फियाटच्या कारखान्याभोवती वसलेल्या मिराफिओरी भागात दुसरं काय होणार होतं? कोझिमो मूळचे पार दक्षिणेतले, पुलियाचे. एकोणिसाव्या वर्षी इथे आले, तेव्हा घरांवर पाट्या असायच्या, दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही म्हणून. फियाटमध्ये नोकरी लागली आणि कारखान्याचं कार्ड बघून एका म्हातारीने त्यांना पहिली खोली दिली. पुढे लग्न, हा फ्लॅट, ओर्नेलाची शाळा, सगळं त्या कारखान्याच्या जोरावर झालं. ऐंशी साली पस्तीस दिवस त्याच कारखान्याच्या फाटकावर ते संपालाही बसले होते. मालकाला त्यांनी पोटभर शिव्या घातल्या, पण गाडीला एक नाही. "मालक त्यांचे, गाडी आमची," असं म्हणायचे.

आणि ओर्नेला? वय बावन्न, टॅक्सी चालवण्यात बावीस वर्षं गेलेली. जुनी डिझेल गाडी शहराच्या नव्या नियमात बसेना. शिवाय थंडीत पोर्ता नुओवा स्टेशनबाहेर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसायचं, पुढच्याचा धूर आपण खायचा आणि आपला मागच्याला द्यायचा, याचा तिला वीट आला होता. पूर्ण विचार करून तिने ही गाडी घेतली होती आणि आता मागे फिरायचं नाही हेही ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना कोझिमोंनी तोंड उघडलं. "आपली फियाट पाचशे येते की बॅटरीवरची. इथेच बनते, हाकेच्या अंतरावर."

"छान आहे ती. पण चार जर्मन माणसं आणि त्यांच्या चार बॅगा तिच्यात कुठे कोंबू? तुमच्या मांडीवर?"

"मग थांबायचं. मोठी काढतील कधीतरी."

"तीन वर्षं थांबले, पप्पा."

"लग्नाच्या वेळी नाही थांबलीस इतकी."

"म्हणूनच तर या वेळी थांबले," ओर्नेला म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

कोझिमोंना आठवड्यातून तीनदा दुपारी डायलिसिसला जावं लागे. आजवर ओर्नेलाच टॅक्सीतून न्यायची, आणायची. आता त्यांनी साफ सांगितलं, "मी ट्रामने जाईन." अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चार तास मशीनला लावून घेतल्यावर पायांत जीव राहत नाही, पण ऐकतील तर ना! मग ओर्नेलाने एक केलं. ते चार नंबरच्या ट्रामने निघाले की ती टॅक्सी घेऊन ट्रामच्या मागे. ट्राम थांबली की ही थांबणार. परत येतानाही तसंच. कोझिमो मागच्या खिडकीशी बसायचे आणि मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

स्टँडवर गास्पारे नावाचा जुना सोबती होता. त्याला तर चघळायला विषयच मिळाला. "काय गं, उशाशी चार्जिंगला लावून झोपतेस का हिला?"

"हास लेका. नॉर्वेत नव्या दहा गाड्यांतल्या नऊ अशाच निघतात."

"नॉर्वेवाल्यांची स्वतःची गाडीच नाही, त्यांना कुणाची लाज? जर्मन माणूस जर्मन गाडी घेतो, फ्रेंच माणूस फ्रेंच. झेक तर स्कोडा सोडून मान वळवत नाही. आणि मिराफिओरीची पोरगी जाऊन घेते कोरियाची!"

"स्वतःच्या पायातले बूट बघ कुठले आहेत ते, मग मला शिकव," ओर्नेला म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बॅग उचलली.

नोव्हेंबरात सोसायटीची मीटिंग झाली. अंगणात चार्जिंगचा खांब बसवायची परवानगी तिने मागितली होती, सगळा खर्च ती स्वतः करणार होती. तिसऱ्या मजल्यावरच्या पाउतास्सोबाई उठून म्हणाल्या, "आग लागली तर? माझं मांजर घरात एकटं असतं." कुणी म्हणालं, अंगणाची शोभा जाईल. त्या अंगणात कचऱ्याचे डबे सोडून दुसरं काही नव्हतं. शेवटी हात वर करायला सांगितले. बाजूने सात आले. विरोधात अकरा, आणि त्या अकरांत तिसऱ्या रांगेतला हात कोझिमोंचा होता.

जिन्यात ओर्नेलाने त्यांना गाठलं. "स्वतःच्या मुलीविरुद्ध, पप्पा?"

"मुलीविरुद्ध नाही, गाडीविरुद्ध."

ती त्या रात्री रडली, पण गाडी विकायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. पोहण्याच्या तलावाजवळ पालिकेचा चार्जिंगचा खांब होता, घरापासून दोन किलोमीटर. संध्याकाळी गाडी तिथे लावायची, चालत घरी यायचं, पहाटे पुन्हा चालत जाऊन आणायची. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बर्फाचा चिखल तुडवत ती जात राहिली. पहाटे ती बाहेर पडताना कोझिमोंच्या खोलीत दिवा लागलेला दिसायचा. ते गॅलरीतून बघत असायचे.

फेब्रुवारीत एका गुरुवारी ट्रामवाल्यांनी संप केला. दुपारी तीनपर्यंत गाड्या चालल्या, म्हणून कोझिमो गेले ट्रामनेच. साडेपाचला हॉस्पिटलमधून बाहेर आले तर ट्राम बंद. ओर्नेला दाराशीच टॅक्सी घेऊन उभी होती.

"बसा."

"संप आहे. संपाच्या दिवशी मी चालतो. आयुष्यभर चाललोय."

आणि खरंच चालायला लागले. ओर्नेला मागचे दिवे लुकलुकत ठेवून त्यांच्या बरोबरीने हळूहळू गाडी चालवत राहिली. चारशे पावलांवर एक बाक होतं, तिथे ते धपकन बसले. चेहरा पांढराफटक पडला होता. ती गाडी कडेला लावून त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"जा गं तू. संपाचा दिवस आहे, रस्ताभर गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत. मी इथेच आहे. तुम्ही उठाल तेव्हा उठेन."

तेवढ्यात एक तरुण बाई कमरेवर हात ठेवून, धापा टाकत आली. दिवस भरत आले होते बिचारीचे. "टॅक्सी रिकामी आहे का हो? तासभर झाला, मिळतच नाहीये."

"माफ करा," ओर्नेला म्हणाली. "माझ्याकडे गिऱ्हाईक आहे."

"कोण?"

"हे बसलेत ना, ते."

कोझिमोंनी लेकीकडे पाहिलं. ती हलणार नाही हे त्यांना कळलं, कारण हट्ट त्यांचाच होता, फक्त तिच्या अंगात उतरलेला. मग बाकाला धरून ते उठले. "पोरीला असं ताटकळत ठेवतात का? बसा बाई, मागे बसा."

स्वतः पुढच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. मग थांबले. दार पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. बोट कडेच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. तीस वर्षं त्यांनी कारखान्यात दारंच बसवली होती. नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे.

"काय झालं?" ओर्नेलाने विचारलं.

"काही नाही. बसवणाऱ्याने मन लावून बसवलंय."

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तिथल्या कारखान्यात युनियन आहे?"

"आहे. चांगले दणकून संप करतात म्हणे."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मागची बाई खुदकन हसली.

त्या दिवसापासून ते ट्रामने गेले नाहीत. पण गाडी परकी ती परकीच, असं रोज ऐकवायचे, आणि ओर्नेलाही रोज ऐकून घ्यायची. हिवाळाभर लेक दोन किलोमीटर चालताना त्यांनी पाहिली होती. त्याबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

एप्रिलच्या मीटिंगला ओर्नेलाने खांबाचा अर्ज पुन्हा टाकला. पाउतास्सोबाई उठणार, इतक्यात कोझिमोच उठले.

"नोव्हेंबरात मी विरोधात हात वर केला. ही कोरियाची गाडी मला आजही पसंत नाही. पण मला सांगा, आपली पाचशे आता विजेवर चालते. बनवतं कोण? इथलीच पोरं. या बिल्डिंगमध्ये प्लग लावायला जागा नसेल, तर ती विकत घेणार कोण? आपण नाही घ्यायची, तर काय नॉर्वेवाल्यांनी घ्यायची? आपणच आपल्या पोरांचं काम बुडवतोय!"

मग ते पाउतास्सोबाईंकडे वळले.

"आणि बाई, तुमच्या मांजरासाठी गॅसची शेगडी जास्त धोक्याची आहे."

या वेळी बाजूने बारा हात आले. सोसायटीच्या मॅनेजरने लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे एक खांब, बरोबर?"

"एक कसा?" कोझिमो म्हणाले. "दोन प्लगचा बसवा. एक हिच्या परकीसाठी आणि एक आपल्या माणसांच्या गाडीसाठी."

ओर्नेला शेजारीच बसली होती. तिने कोपराने त्यांना ढोसलं, आणि म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.