उंबरवळ्याच्या निशाणाची काठी

मी काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे, निशाणाची. वडिवळ्याच्या धरणापलीकडे उंबरवळे नावाचं गाव आहे. तिथल्या देशमुखांच्या घरात, टीव्ही आणि फ्रिज यांच्या मधल्या कोपऱ्यात मी उभी असते. जुना वाडा पाडून स्लॅबचं घर बांधलं, तेव्हा मला कुठं ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी फ्रिज थोडा सरकवला.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या शिसवाच्या झाडात झाला. सुतारानं मला तासलं, कित्येक दिवस तेल पाजलं आणि सुभानरावांच्या हाती दिलं. सुभानराव हे या घराण्याचे मूळपुरुष. तेव्हा ते देशमुख नव्हते. घाटातल्या एका खिंडीची राखण करणारे मावळे होते आणि मी त्यांच्या तुकडीचं निशाण होते.

त्या खिंडीत एकदा मोठी झुंज झाली. सुभानरावांच्या मांडीत गोळी शिरली. ते पडले, त्यांच्याबरोबर मीही पडले. निशाण पडलेलं दिसताच मागची माणसं कचरली. काही वळलीसुद्धा. तेवढ्यात एका हातानं मला उचललं. तो येसनाक होता, गावचा वेसकर. वेशीवर राखण करणारा माणूस, त्या दिवशी तुकडीबरोबर आला होता. त्याच्या पंजावर वार बसला, बोटं मिटेनात. मग त्यानं दातांनी मुंडासं फाडलं आणि स्वतःचा हात मला बांधून घेतला. झुंज संपेपर्यंत मी पुन्हा आडवी झाले नाही.

सुभानराव वाचले. त्यांना देशमुखी मिळाली, चार गावं मिळाली आणि माझ्या डोक्यावर चांदीचं टोपण बसलं. टोपणावर मधे कट्यार, दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या आणि खाली अक्षरं: ‘हाती धरिले, न सोडिले’. हीच घराण्याची खूण झाली. येसनाकाला जमिनीचा एक तुकडा मिळाला आणि दसऱ्याला माझ्यापुढे ललकारी देत चालायचा मान मिळाला. मात्र मला शिवायचं नाही, असं ठरलं. ज्याच्या हाताला मी बांधलेली होते, त्याला माझी मनाई झाली.

सुभानराव जिवंत होते तोवर दर दसऱ्याला ही हकीकत स्वतः सांगायचे, येसनाकाचं नाव घेऊन. त्यांचा मुलगा सांगू लागला, ‘आमच्या एका माणसानं निशाण सावरलं.’ नातवाच्या काळात तर सुभानरावांनीच जखमी अवस्थेत एका हातानं मला धरून ठेवलं होतं. माणसं एकदम खोटं बोलत नाहीत. एकेका पिढीला एकेक शब्द गाळत जातात.

एवढ्यावरून हे घराणं वाईट समजू नका. या घरानं दुष्काळात धान्याच्या कणग्या उघडल्या. दिलेला शब्द मोडला नाही. दारात आलेल्याला उभ्यानं परत पाठवलं नाही. वारस ठरवायची त्यांची रीतही साधी होती. घरातला वडीलधारा दसऱ्याला ज्याच्या हाती मला देईल, तो पुढचा देशमुख. वतनं गेली तरी ही रीत राहिली.

छप्पन साली येसनाकाच्या वंशातले भिकाजी बौद्ध झाले. पुढचा दसरा तोंडावर आला, तेव्हा ते धुतलेला सदरा घालून वाड्याच्या देवडीत आले.

“सरकार, औंदापासनं आमी म्होरं चालणार न्हाई,” ते म्हणाले. “त्यो मान आमी सोडला.”

तेव्हाच्या देशमुखांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग एवढंच म्हणाले, “बरं.”

भिकाजी गेल्यावर दाराआड उभ्या असलेल्या आपल्या लहान मुलाला त्यांनी जवळ घेतलं. “त्यांचं चुकलं न्हाई,” ते म्हणाले. “खिंडीत काठी त्यांच्या येसनाकानंच धरलीती. पर हे भाईर बोलायचं न्हाई.”

तो मुलगा म्हणजे रखमाजीराव. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. सारं गाव त्यांना आबा म्हणतं. वडिलांचं ते वाक्य त्यांनी आयुष्यभर पाळलं.

आबांना एकच मुलगी, समीक्षा. ती पुण्यात पुलांची कामं बघणारी इंजिनिअर आहे. आणि एक पुतण्या, कैलास. देशमुखी मुलीकडे जात नाही, म्हणून कैलासच वारस, असं भावकीनं गृहीत धरलं होतं. कैलास मनानं वाईट नाही. आबांना दवाखान्यात न्यायचं तर गाडी त्याचीच असते. पण त्यानं लोणावळ्याजवळ रिसॉर्ट काढलं आणि त्याला घराण्याचा इतिहास विकायची सवय लागली. फाटकावर सिमेंटची कट्यार आणि लोंब्या, चहाच्या कपावर कट्यार, हात पुसायच्या कागदावरही कट्यार. गेल्या दसऱ्याला आबांनी मला त्याच्या हाती द्यावं आणि मग मी रिसॉर्टच्या दिवाणखान्यात काचेत उभं राहावं, असं त्यानं ठरवलं होतं.

त्यासाठी त्यानं कामशेतच्या चौकात मोठा फ्लेक्स लावला. त्यावर सुभानराव घोड्यावर, हातात मी आणि घोड्याच्या पायाशी कमरेत वाकलेला, हात जोडलेला एक उघडा माणूस. खाली लिहिलं होतं: ‘निष्ठावंत सेवक’.

दुसऱ्याच दिवशी यशोधरा आली. भिकाजींची नात. बेगडेवाडीजवळच्या एका कारखान्यात ती अधिकारी आहे. कामावरून परस्पर आली होती, गळ्यात अजून ओळखपत्र होतं. आबा खुर्चीत होते, कैलास सोफ्यावर होता आणि सुट्टीला आलेली समीक्षा चहा गाळत होती.

“आबा, तो फ्लेक्स उतरवायला सांगा,” यशोधरा म्हणाली. “तो वाकलेला माणूस आमचा येसनाक आहे.”

“नाव कुठं लिहिलंय?” कैलासनं विचारलं.

“तेच म्हणतेय मी. नाव लिहिलेलं नाही आणि त्याला वाकवलंय. त्या दिवशी तो वाकला नव्हता, कैलासदादा. निशाण त्याच्या हातात होतं.”

“पुरावा आहे का?”

“तुमच्याकडे आहे का?”

कैलास हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “अगं, चित्र आहे ते. पर्यटकांसाठी. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?”

“ते बघायला माझा मुलगापण येतो चौकात,” यशोधरा म्हणाली. मग ती आबांकडे वळली. “आबा, माझे आजोबा सांगायचे, देशमुखांच्या घरातही हे माहीत आहे. आहे का?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फरशीकडे.

“चहा घे, पोरी,” ते म्हणाले.

“नको, आबा,” असं म्हणून ती निघून गेली. समीक्षा हातात कप घेऊन तशीच उभी राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. कुणीतरी फ्लेक्स फाडला. कैलासनं दुसरा लावला, आधीच्याहून मोठा. मोबाइलवर मेसेज फिरू लागले. आमच्या पूर्वजांचा अपमान, असं दोन्हीकडची पोरं म्हणत होती. दुकानाच्या ओट्यावर एकत्र बसणारी माणसं वेगवेगळी बसू लागली. पोलीस चौकीतून साहेब येऊन गेले आणि मिरवणूक शांततेत काढा, असं बजावून गेले. भावकी रोज घरात जमायची. काठी कैलासच्याच हाती द्यायची, एक शब्द जादा बोलायचा नाही, असं आबांना पुन्हा पुन्हा सांगायची. आबा मान हलवायचे. त्यांचं जेवण कमी झालं.

एकदा समीक्षानं विचारलं, “आबा, यशोधरा म्हणत होती ते खरं आहे का?”

“खरं असलं तर तू काय करशील?”

“ते तुम्ही सांगितल्यावर ठरवीन.”

आबा उठले. भिंत धरत माझ्याजवळ आले आणि टोपणावरची अक्षरं बोटानं चाचपत राहिले.

दसरा आला. गावाबाहेरच्या माळावर मांडव पडला. माझ्यावर निशाणाचा नवा कोरा पट बांधला होता. भावकीतले पुरुष फेटे बांधून पुढे बसले. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या पलीकडे हनुमंत, म्हणजे यशोधराचे वडील, वस्तीतल्या पंचवीस-तीस माणसांसह उभे होते. सारे पांढऱ्या कपड्यांत. कुणी घोषणा देत नव्हतं. मांडवातली पोरं मात्र त्यांच्याकडे मान वळवून बघत होती. एकाच्या मुठीत मला दगड दिसला. कुणाचं पोर, ते मी सांगणार नाही.

आबांनी मला हातात घेतलं. त्यांचा घाम मला जाणवत होता. कैलास दोन्ही हात पुढे करून समोर उभा राहिला. लोकांनी मोबाइल वर धरले.

“द्यायच्या आधी दोन शब्द बोलतो,” आबा माइकवर म्हणाले. “खिंडीत सुभानराव पडले, तवा ही काठी पडली. ती उचलली येसनाकानं. आपल्या वेसकरानं. हात बांधून घेतला हिला. हे माझ्या वडलांनी मला सांगितलंय, आन् त्यांना त्यांच्या—”

माइक बंद झाला. कैलासनं वायर ओढली होती.

मांडवात गलका उठला. ‘आबांचं वय झालंय,’ असं कुणी म्हणालं. ‘खाली बसवा त्यांना,’ असं दुसरं कुणी. भावकीतला एकजण पुढे येऊन मला ओढू लागला. आबा सोडेनात. मी तिरकी झाले, पट एका फेट्यावर पडला. मुठीत दगड असलेलं पोर उभं राहिलं. पोलीस गाडीतून उतरले. त्या क्षणी कुठूनही एक खडा पडला असता, तर माळावर काय झालं असतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

समीक्षा बायकांच्या घोळक्यातून निघाली. ती धावली नाही. माणसं बाजूला करत आली आणि तिनं आबांच्या हाताखाली मला पकडून सरळ केलं.

“बोला, आबा,” ती म्हणाली. “तुम्ही बोला. मी सांगते लोकांना.”

आबा थकलेल्या आवाजात एकेक वाक्य बोलू लागले आणि समीक्षा ते वाक्य ओरडून माळभर पोचवू लागली. काठी येसनाकानं धरली. त्याला मान दिला, पण शिवू दिलं नाही. त्याचं नाव आमच्या घरानं गाळलं. मला माहीत होतं, मी गप्प बसलो. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला, तरी तिनं ते पुरतं सांगितलं. पोर खाली बसलं. दगडाचं काय झालं, मी पाहिलं नाही.

मग आबा म्हणाले, “हनुमंता, हिकडं ये. आज तू धर ही.”

हनुमंत मांडवाच्या दोरीपर्यंत आले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

“नको, आबा. काठी तुमची हाय, तुमीच वागवा. ती कामं आमी कवाच सोडली. नाव घेतलंत, तेवढ्यासाठीच आलोतो आमी.”

त्यांनी हात जोडले. वाकले मात्र नाहीत. मग आपल्या माणसांना घेऊन वस्तीकडे निघाले. यशोधरानं जाताना एकदा वळून समीक्षाकडे पाहिलं.

“मग देता कुणाला?” कैलासनं विचारलं. त्याचे हात खाली आले होते.

“दिली की,” आबा म्हणाले. “मघाशीच.”

समीक्षाच्या हातात मी होते. तिला ते तेव्हाच कळलं असावं, कारण तिची पकड एकदम सैल झाली आणि लगेच घट्ट झाली.

सगळं गोड झालं असं सांगितलं तर मीही त्या घराण्यासारखाच शब्द गाळला असं होईल. अर्धी भावकी तिथूनच उठून गेली. सीमोल्लंघनाला गावच्या सीमेपर्यंत माझ्यामागे मोजकीच माणसं आली. दिवाळीत आबांकडे फराळाला कुणी फिरकलं नाही. एका दुपारी कैलास आला आणि आबांच्या देखत माझं चांदीचं टोपण काढून घेऊन गेला. खूण पुरुषांकडेच राहील, असं म्हणाला. आबांनी त्याला अडवलं नाही. आता ते रिसॉर्टमध्ये काचेत आहे. चौकातला फ्लेक्स मात्र त्यानं स्वतःच उतरवला. दुसरा लावला नाही. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

आता मी बोडकी आहे. डोक्यावर शिसवाचं उघडं लाकूड आहे. समीक्षा शनिवारी येते, मला तेल लावते आणि आबांशी भांडत भांडत त्यांना जेवू घालते. यशोधरा एकदा आबांची तब्येत विचारायला आली होती. तेव्हा तिनं चहा घेतला.

दसरा पुन्हा जवळ आलाय. समीक्षा मला बाहेर काढणार आहे. भावकीनं येणार नाही असं कळवलंय. काही जण मिरवणूक अडवू म्हणतायत. मला भीती वाटते, हे लपवत नाही. त्या संध्याकाळी कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना तुम्हाला एक बाई बोडक्या काठीवर निशाण घेऊन चाललेली दिसली, तर गाडी जरा हळू घ्या. जमलं तर उतरून चार पावलं आमच्याबरोबर चाला. आणि ही काठी कुणाची असं कुणी विचारलं, तर देशमुखांची म्हणा. पण कुणी धरली होती असं विचारलं, तर येसनाकाचं नाव सांगा. गाळू नका.