बाराव्या दिवसाची वाढ

फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, रुग्णालयाच्या तळमजल्यावरील जंतुपरीक्षण विभागात, विभागप्रमुखांनी इन्क्युबेटरच्या उबदार पेटीतून आपल्या थोरल्या बहिणीच्या नावाची, जंतू वाढविण्याची प्लेट काढली आणि खिडकीशी उजेडात धरली. बारावा दिवस होता. कालपर्यंत कोऱ्या असलेल्या प्लेटवर जंतूंचे टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके उमटले होते.

बहिणीच्या कृत्रिम गुडघ्यात दोन महिन्यांपूर्वी पाणी साचले, तेव्हा पहिला नमुना याच टेबलावर आला होता. पाच दिवस काही उगवले नाही. त्यांनी ‘वाढ नाही’ असा अहवाल लिहून प्लेट नष्ट करविली, आणि त्या अहवालावर विसंबून सर्जननी औषध थांबविले. पाच दिवसांचा नियम त्यांनीच घातला होता. सांध्यांचे नमुने दोन आठवडे ठेवावेत, असे तंत्रज्ञ बाईंनी एकदा सुचविले होते. परंतु इन्क्युबेटरमधील जागेपासून तर्कशास्त्रापर्यंत त्यांनी इतके मुद्दे मांडले की बाईंनी नाद सोडला. बारा दिवसांपूर्वी गुडघा पुन्हा सुजला, तेव्हा आलेला हा दुसरा नमुना मात्र त्यांनी पाच दिवसांनंतरही ठेवून दिला होता.

वास्तविक हा विषय ते वीस वर्षे शिकवीत होते. अन्न संपले म्हणून जंतू लगेच मरत नाही; तो अंग चोरतो, वाढ थांबवितो, स्वतःची भिंत बांधण्याचे कामही सोडतो. औषध नेमके बांधकामावरच घाव घालते. जो काहीच बांधीत नाही, त्याचे ते काय बिघडविणार? आणि जो वाढत नाही, तो पाच दिवसांत दिसणार कसा?

ते जिना चढून वॉर्डात गेले. बहीण तापाने फणफणली होती. त्यांनी काहीही न लपविता सारे सांगितले.

“म्हणजे जंतू तेव्हाही होतेच?” तिने विचारले.

“होते, ताई. उपाशी होते, म्हणून दिसले नाहीत.”

“तुझ्यावरच गेलेत मेले. रुसलास की तूही न जेवता पांघरुणात पडून राहायचास.” ती हसू लागली, पण कळ आली तशी थांबली. “बरं, प्लेट फेकलीस ती फेकलीस. आता काय करायचं, तेवढं सांग.”

ती रागावली असती तर त्यांना सोपे गेले असते.

इतक्यात सर्जन एक्स-रे घेऊन आले. विभागप्रमुखांनी त्यांना व्हरांड्यात गाठले आणि सांधा बदलून पाहावा, औषधांची जोडी बदलावी, आणखी सहा आठवडे द्यावेत, असे एकामागून एक मुद्दे मांडले. सर्जननी मध्येच न तोडता सारे ऐकून घेतले. मग एक्स-रे खिडकीला लावून मांडीच्या हाडावर बोट फिरविले. जिथे हाड पांढरे दिसायला हवे, तिथे ते गुडघ्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत विरले होते.

“तुमचं शास्त्र बरोबर आहे, सर,” ते म्हणाले. “पण विष रक्तात उतरलंय. पाय मांडीतून काढावा लागेल. उद्याच.”