पाइनवर चढणाऱ्या मचाणाची राहून गेलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुने मचाण आहे. पण झाडावर कायमचे ठोकलेले नव्हे, तर झाडावर चढणारे. माझे दोन भाग आहेत. वरचा बसायचा, खालचा पाय ठेवायचा. दोन्ही भाग पोलादी पट्ट्यांनी खोडाला मिठी मारतात. शिकारी वर बसतो आणि पायांनी खालचा भाग उचलतो. मग उभा राहून वरचा भाग सरकवतो. सुरवंट चालतो ना, तसेच आम्ही पाइनच्या सरळ खोडावर चढतो.

जॉर्जियातल्या वेंडेलने मला पहिल्यांदा पाठीवर घेतले, त्याला एकोणीस वर्षे झाली. वेंडेल फार नेटका माणूस. झाड वर निमुळते होते, म्हणून तो मला बुंध्याशी बाहेरची कड जरा उंच ठेवून बसवायचा. मग वर पोहोचल्यावर मी आपोआप सपाट होई. पडू नये म्हणून स्वतःच्या अंगात घातलेल्या पट्ट्यांची दोरी तो जमिनीवर असतानाच खोडाला बांधायचा. रिकामी बंदूक खाली ठेवायचा आणि वर बसल्यावरच दोरीने ओढून घ्यायचा. शिकारीच्या तळावर नवी मंडळी त्याच्याकडून शिकत, तेव्हा माझेही कौतुक होई. शिकारीचे चार महिने सोडले, तर बाकीचे आठ महिने मात्र मी पडवीत धूळ खात टांगलेले.

तळावर एक रिवाज आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने नावाची चकती नकाशावर आपल्या झाडापाशी अडकवायची. एका नोव्हेंबरच्या सकाळी वेंडेल चकती अडकवत होता, तेव्हा शिकारीलाच निघालेली त्याची धाकटी बहीण ओपल म्हणाली, "दादा, आज तरी माझ्याआधी पोहोच. अगदी गोगलगाय झालायस."

वेंडेल हसला, पण ते त्याला लागले. तो झपाझप निघाला. आणि त्या घाईत माझे दोन भाग एकमेकांना जोडणारी दोरी बांधायची राहिली.

वीस फुटांवर तो बसल्या बसल्या वळला, पाय सुटले आणि माझा खालचा भाग खडखडत थेट बुंध्याशी गेला. वेंडेल वर, पाय अधांतरी. उतरायला वाट नाही, फोनला रेंज नाही. मी खोड घट्ट धरून ठेवले. घाबरले होते, खोटे कशाला सांगू? पण त्याच्या अंगातले पट्टे झाडाला बांधलेले होते. त्याने मदतीची खूण म्हणून गळ्यातली शिट्टी तीनदा वाजवली, थांबून पुन्हा तीनदा.

ओपलने ती ऐकली. झाड कोणते, हे नकाशामुळे तिला ठाऊकच होते. दोन माणसे आणि लांब शिडी घेऊन ती आली. शिडी खोडाला बांधेपर्यंत ती खालून सांगत राहिली, "हलू नकोस दादा. मी म्हणेपर्यंत पट्टा सोडू नकोस."

तो खाली आला, तेव्हा ती आधी रागावली, मग रडली.

नाश्त्याला निवाडा झाला. इथे हरणावरचा नेम चुकला की शिकाऱ्याच्या सदऱ्याचे मागचे टोक कापून भिंतीवर लावतात. वेंडेल म्हणाला, "मी गोळीच झाडली नाही, सदरा कसला कापता?"

ओपल कात्री घेऊन उभीच होती. "नेम चुकलेले इथे ढिगानं आहेत. गाठ विसरून वर गेलेला तू एकटाच. वळ पाहू."

मंडळी पोट धरून हसली, वेंडेल सर्वांत मोठ्याने. पण कापलेली चिंधी त्याने भिंतीवर लावू दिली नाही. ती त्याने माझ्या त्या दोरीलाच बांधली. लाल चौकड्यांची ती चिंधी आता आधी डोळ्यांत भरते, मी नंतर.

मित्रांनो, आमचा गंज पुसा, आमचे पट्टे तपासा. आणि कोणी संथपणाची चेष्टा केली, तर खुशाल गोगलगाय व्हा. धरून ठेवणे आमच्या हातात आहे, पण बांधायचे तुम्हालाच आहे.