एक ठोका म्हणजे हो

गाडीत भाताच्या गंजावरचं झाकण घसरलं आणि खणकन खाली पडलं. स्टार्टर मारून मारून माझा हात दुखायला लागला होता. झाकण गरगरत थांबलं, तेव्हा मागून पाच वर्षांची टीना म्हणाली, "आई, म्हातारी उठत नाही का?"

म्हातारी म्हणजे आमची मेटाडोर. दिवाळीनंतर गावोगाव मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, लागल्या की हेच आमचं घर. मागं फळ्यांचे दोन पलंग, गॅसची शेगडी, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा. माझा नवरा राजकुमार नाटकात ऑर्गन वाजवतो. तो नाटक कंपनीच्या ट्रकनं पुढच्या गावाला गेला होता, आणि आम्ही दोघी दिघोरीत, सोडलेल्या मांडवाच्या बांबूंपाशी.

मला लाखनीला जायचं होतं. सकाळीच गोदावरीकाकूंचा फोन आला होता. "हर्षा, आजच ये. उद्यावर नको टाकू, बाई."

त्यांचे यजमान टेकचंद मिस्त्री. हायवेला लागून त्यांचं गॅरेज. बाकीच्यांनी ही गाडी भंगारात द्या म्हणून सांगितलं, तेव्हा चार वर्षांपूर्वी आम्ही ती ओढत त्यांच्या दारात नेली. त्यांनी राजकुमारकडं एकदा पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला. "हा रातभर पेटी वाजवन न् दिवसा झोपन. गाडी तूच शिक, पोरी."

मग कुठंही बंद पडली की मी फोन लावायची आणि इंजिनाजवळ धरायची. ते तिकडून आवाज ऐकून सांगायचे. मी चिडले की हसायचे. "तुई सासू नोहे ते. म्हातारी आहे. सकाळी तिले शिव्या नाही, जरासा वेळ पाहिजे." आभार मानू लागले की मध्येच तोडायचे. "आभार मंडईच्या माईकवर मान. इथं पाना पुसून ठेव."

मग तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं त्यांचं तोंड खाल्लं. नागपुरात जीभ काढली. बोलणं संपलं, पण माझे फोन थांबले नाहीत, त्यांनी थांबू दिले नाहीत. खाटेच्या लोखंडी दांडीवर पाना वाजायचा. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

चार वर्षांत एकदाही धड आभार मानले नव्हते. आज त्यांच्या कानावर घालायचे होते. आणि आजच म्हातारी अडून बसली.

दुसरं कोण होतं? त्यांनाच फोन लावला.

"बोल," काकू म्हणाल्या. "कानाजवळ धरला आहे."

"मिस्त्री, बॅटरी गेली का?"

दोन ठोके.

"फिल्टर चोंदला?"

दोन ठोके. तेवढ्यात मला आठवलं. रात्री तिसऱ्या अंकात जनरेटर बंद पडत होता, म्हणून कंपनीच्या पोरांनी आमच्या टाकीतलं सगळं डिझेल काढून नेलं होतं. सकाळी आणून ओतलं. नाटकवाल्यांची ही खोड जुनीच. मिस्त्री त्यावरून दर मंडईला झापायचे, आणि मी दर मंडईला विसरायची.

"टाकी रिकामी केली होती. हवा घुसली का?"

एक ठोका.

फोन सीटवर ठेवला. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबत राहिले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. टीनानं फडकं धरलं होतं. स्क्रू आवळला, चावी फिरवली. म्हातारी थरथरली, काळा धूर सोडला आणि लागली. मी फोन उचलून इंजिनाशी धरला.

एक ठोका.

मग मी ओरडूनच बोलले, इंजिनाच्या वर आवाज काढून. "मिस्त्री, माझं घर तुमच्यामुळं चालते. लई उपकार झाले तुमचे. ऐकलं का?"

जरा वेळ गेला.

एक ठोका.

लाखनीपर्यंत मी गाडी कुठंच बंद होऊ दिली नाही. गॅरेजपुढं चपला दिसल्या तेव्हाच समजले. आत काकू खाटेशी बसल्या होत्या. पाना अजून त्यांच्याच मांडीवर होता.

"त्याईचा हात तं कालपासूनच उठे ना," त्या म्हणाल्या. "हो असलं की डोळे मिटत. मंग मी ठोका मारू. तुई गाडी लागली न, तवा आवाज आयकून डोळे मिटले. मी ठोका मारला. मंग उघडलेच नाही, बाई."

मला विचारायचं होतं, मग आभारानंतरचा ठोका कोणाचा? काकूंनी माझा डिझेलचा हात आपल्या पदरानं पुसला.

टीना खाटेपाशी जाऊन मिस्त्रींच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग वळून माझ्या कानाशी आली.

"आई, डोळे मिटल्यावर आयकू येते का?"