मानमोडीवरचं पान

"मान बघ कशी फिरली हिची," म्हणत रूपीने मांडीवरची कवडी कोंबडी सुनेपुढे धरली.

कोंबडीची मान उलटी वळून पाठीला टेकली होती. चोच उघडी, एक पंख लुळा लोंबत होता. तानीने पोटाखाली हात घालून पाहिलं. अंग तापलं होतं. काल चार गेल्या, आज सकाळपासून पाच. पंधरातल्या सहा उरल्या होत्या आणि त्यांत ही सगळ्यात जुनी. हिच्याच अंड्यांवर घरातल्या निम्म्या कोंबड्या वाढल्या होत्या.

महालक्ष्मीची जत्रा उठली की विवळवेढ्याच्या आसपासच्या पाड्यांत कोंबड्यांवर मानमोडीची साथ यायची. दरवर्षीच असं नाही, पण यायची तेव्हा खुराडी रिकामी करून जायची. पाहुणा आला, घरात कोणी बाळंत झालं, देवाचं काही निघालं, की हात कोंबडीकडेच जायचा. त्यामुळे कोंबडी मेली की नुसती कोंबडी मेली असं कोणी म्हणत नसे.

"तू त्या औषधाच्या घरात जातेस ना?" रूपी म्हणाली. "मग आण ना चार पानं."

"नाय आणता येत, आये."

"का नाय? तिथं ढीग पडतो म्हणतेस."

तानी उठली. रिक्षाची वेळ झाली होती.

आशागडजवळच्या संशोधन केंद्रात तानीला चार वर्षं झाली होती. त्याआधी ती एका नर्सरीत चिकूची कलमं बांधायची. तिच्या हाताचं कलम सहसा मरत नसे, म्हणून कोणीतरी तिचं नाव इकडे सुचवलं. इथे दुहेरी दारांच्या आत, बारीक जाळीखाली, तंबाखूच्या जातीची बुटकी झाडं होती. पानं रुंद, मऊ, हाताला किंचित चिकट.

पहिल्याच महिन्यात श्रुतिका मॅडमनी सगळ्या बायकांना बसवून समजावलं होतं. मानमोडीच्या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं याची खूण आम्ही झाडाच्या आत घातली आहे. झाड ती वाचतं आणि आपल्या पानात ते प्रथिन तयार करतं. रोग नाही, नुसतं प्रथिन. त्याची लस केली की कोंबडीचं अंग रोगाला आधीच ओळखायला शिकेल.

"तंबाखूत कोंबडीचं औषध?" सगळ्या बायका हसल्या होत्या. तानी हसता हसता थांबली होती. त्या दिवसापासून ती त्या झाडांना जपायची ते काही निराळंच. कळी दिसली रे दिसली की खुडायची, कारण या झाडांना फुलू द्यायचं नव्हतं. खुडलेली कळी, गळलेलं पान, कुंडीतली मातीसुद्धा आधी वाफेच्या यंत्रात जायची. बायका त्याला मोठा कुकर म्हणायच्या. त्यात शिजल्याशिवाय काडीही बाहेर पडत नसे.

त्या दिवशी संध्याकाळी तानीने पाच पानं घडी करून पोलक्यात घातली.

दारावर पहारेकरी काशीनाथ होता. बाकीच्या बायकांना त्याने एप्रन झटकायला लावले, पिशव्या उलट्या करायला लावल्या. तानीला पाहून त्याने हात हलवला. "जा गं तानीबाय. तुझं काय बघायचं."

चारोटीला उतरेपर्यंत तिने छातीवरचा हात काढला नाही.

घरी रूपी वाटच पाहत होती. एक पान वाटून तिने रस काढला आणि बोटाने कवडीच्या चोचीत सोडला. कोंबडीने मान झटकली, थोडा रस बाहेर सांडला. तानी खांबाला टेकून पाहत होती. आपण चूक केली हे तिला कळत होतं, आणि कोंबडी उठावी असंही वाटत होतं.

उजाडलं तेव्हा कवडी पाय ताठ करून पडली होती.

"रोगानंच गेली," रूपी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "का त्या रसानं गेली गं?"

उरलेली चार पानं आणि वाटलेल्या पानाचा चोथा तानीने स्टीलच्या डब्यात भरला. पाटा-वरवंटा उकळत्या पाण्याने धुतला. नवऱ्याने विचारलं, "हे काय चाललंय?" तिने सगळं सांगितलं.

"कोणाला कळलंय का?"

"नाय."

"मग टाक ना चुलीत. गप कामाला जा."

"त्या काशीनाथनं मना तपासलंच नाय," ती म्हणाली. "उद्या पण नाय तपासणार."

तिने डबा उचलला.

श्रुतिका मॅडमनी डबा उघडला आणि त्या खुर्चीत बसल्या. तिशीतली, डहाणूत रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, त्या दिवशी तो चढला.

"तानीताई, तुम्ही? दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं! आपली परवानगी जाऊ शकते, कळतंय का? पाच वर्षांचं काम आहे हे."

"म्हणून तर आले. एक पान वाटलं, त्याचा चोथा त्यात हाय. रस कोंबडीला दिला. कोंबडी घरी झाकून ठेवलीय, पुरली नाय."

"तुम्हाला माहीत होतं ना, पान खायला घालायचं नसतं?"

"माहीत होतं." तानीने मान खाली घातली. "पण सासू कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती, मॅडम. म्हातारी."

मॅडमनी बराच वेळ काही लिहिलं. जैवसुरक्षा समितीला कळवावंच लागणार होतं, स्वतःच्या सहीनिशी. तानीचं काम त्याच क्षणापासून बंद झालं. बाहेर काशीनाथने फक्त दार उघडलं.

दुपारी मॅडम गाडी घेऊन पाड्यावर आल्या. हातमोजे घालून त्यांनी मेलेली कोंबडी पिशवीत बंद केली, रस सांडलेली माती खरवडून घेतली. तोवर बायका जमल्या होत्या. कोणाच्या तीन गेल्या होत्या, कोणाच्या सगळ्या. रूपी पुढे आली.

"बाई, सुनेला बोल लावू नको. मीच मागितली पानं. पण औषध तुमच्यापाशी हाय, तर देत का नाय?"

मॅडम हातमोजे काढून ओट्यावर टेकल्या. "आजी, ते अजून औषध झालं नाही. शेतातली लोंबी तुम्ही भाकर म्हणून ताटात वाढता का? मळायची, कांडायची, दळायची. तसं पानातून ते प्रथिन वेगळं काढावं लागतं. बाकी पान विषारी आहे. आणि लस दुखणं यायच्या आधी द्यायची. आल्यावर तिचा उपयोग नाही."

"म्हणजे आमच्या कोंबड्या अशाच जायच्या?"

"नाही. मानमोडीची लस आजही आहे. गुरांच्या दवाखान्यात मिळते. पण तिला बर्फात ठेवावं लागतं, आणि एक कुपी फोडली की शंभर कोंबड्यांना तास-दोन तासांत द्यावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरासाठी कुपी कोण फोडणार? म्हणून तर आम्ही पानाच्या मागे लागलोय. बर्फाशिवाय टिकणारी, घरापुरती मिळणारी लस व्हावी म्हणून."

तानी मागे उभी होती. "आणि शंभर कोंबड्या आम्हीच एका ठिकाणी आणल्या तर?"

मॅडमनी वळून पाहिलं. त्यांचा राग उतरला नव्हता, पण त्या म्हणाल्या, "तर दवाखान्यात बोलून बघा. मात्र रोग पोचलाय तिथल्या आणू नका."

दुसऱ्या दिवसापासून तानी ओढ्यापलीकडच्या तीन पाड्यांत फिरू लागली. रोग अजून तिकडे गेला नव्हता. जाताना ती आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून निघायची, आणि कोणाच्या खुराड्याला हात लावायची नाही. बायका घाबरत होत्या. सुईने कोंबडी मरते म्हणायच्या.

"सुई नाय," तानी सांगायची. "डोळ्यात एक थेंब. बस."

"तू तर पानं चोरलीस म्हणतात," हिरी नावाची एक बाई तोंडावर म्हणाली.

"चोरली. कोंबडी गेली, काम पण गेलं. म्हणून सांगते, नीट औषध घ्या."

हिरीने आपल्या सात कोंबड्या लिहायला सांगितल्या. लिहायचं काम तानीची लेक शितल करत होती. चौथ्या दिवशी आकडा शंभराला टेकला. ठरलेल्या सकाळी बायकांनी कोंबड्या टोपल्यांखालून बाहेरच सोडल्या नाहीत. दवाखान्यातला माणूस बर्फाचा डबा घेऊन आला, आणि ऊन चढायच्या आत शेवटचा थेंब पडला. वैशाखभर ओढ्यापलीकडून एकाही कोंबडीची वाईट बातमी आली नाही. ओढ्याच्या अलीकडे मात्र रूपीच्या खुराड्यात एकही उरली नव्हती.

समितीचं पत्र आलं ते भातलावणी आटोपल्यावर. तानीने स्वतःहून सांगितलं आणि सगळं परत आणलं, याची त्यात नोंद होती. लेखी ताकीद देऊन तिला कामावर घ्यायला हरकत नव्हती. केंद्रात दोन महिने नवीन लागवड थांबली होती, त्याची बोलणी मॅडमनीच खाल्ली होती. तानी हजर झाली. मॅडमनी रोपांचा ट्रे तिच्या हातात दिला, एवढंच.

थंडीत पानांतलं प्रथिन पहिल्यांदा नीट वेगळं निघालं. पांढरी भुकटी, चिमूटभर. केंद्राच्या आवारातल्या बंद शेडमध्ये वीस गावठी कोंबड्या आणल्या गेल्या. त्या कोण धरणार असा प्रश्न आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तानीताई धरतील."

तानी पंखाखाली हात घालून कोंबडी अशी धरायची की ती फडफडायचीच नाही. भुकटी पाण्यात कालवून थेंब दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा दिले. मग पंखाच्या शिरेतून थोडं थोडं रक्त काढून तपासायला पाठवलं.

उत्तर आलं ती दुपार होती. मॅडम शेडच्या दारात आल्या, हातात फोन. डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"वीसपैकी सतरा! सतरा कोंबड्यांच्या रक्तात रोगाशी लढायचं बळ चढलंय, तानीताई. हवं तेवढं चढलंय."

"म्हणजे औषध झालं?"

"होईल. अजून मोठ्या चाचण्या आहेत, परवानग्या आहेत. चार-पाच वर्षं लागतील. पण पान खोटं बोललं नाही."

तानीने मान डोलावली. मग तिने विचारलं, "आणि त्या तीन?"

"त्या तीन का राहिल्या, ते शोधायचं. उद्यापासून तेच करायचंय."

"कुठल्या तीन?"

मॅडमनी फोनमध्ये बघून पायातल्या पट्ट्यांचे आकडे सांगितले. चार, अकरा, एकोणीस. तानीने त्या तिघी एकेक करून उचलल्या, बाजूच्या जाळीत ठेवल्या, आणि त्यांच्यासाठी पाण्याचं वेगळं भांडं विसळायला घेतलं.