खिशातली किल्ली

मी स्कूटरची किल्ली. बडबड मला आवडत नाही. पण एकदा सांगते, नीट ऐका.

कारखान्यात माझे दात कोरले तेव्हाच ठरलं की या जगात एकच गाडी मला ओळखणार. त्याचा मला अभिमान आहे. माझ्याबरोबरची दुसरी किल्ली पहिल्याच वर्षी हरवली. मी हरवले नाही.

मालक कुमारराव, मालकीण सुमतीबाई. पनवेलजवळ करंजाड्यात चौथ्या मजल्यावर राहतात. गाडी घेतली ती बाईंसाठी. कुमारराव तेव्हा नोकरीला जात. बाई कोथिंबिरीसाठी एकदा निघत, दळण टाकायला एकदा, तेच दळण आणायला पुन्हा एकदा. वाटेत कोपऱ्यावर हौसा भाजी घेऊन बसे. ती जुन्या गावातली. बाई उतरून तिच्याजवळ पाटावर बसत. मी बाईंच्या मुठीत. दोघींचं बोलणं अर्धा अर्धा तास चाले. भाजी पाच मिनिटांची.

मग कुमारराव निवृत्त झाले. आठवडाभर त्यांनी बाईंच्या फेऱ्या पाहिल्या आणि नियम केला. घरातली सगळी कामं रविवारी, एकाच फेरीत. आधी गिरणीत दळण टाकायचं. ते होईपर्यंत औषधं, गॅसच्या शेगडीचं बर्नर, चपलेची शिलाई. मग पनवेलचा बाजार. परत येताना दळण उचलायचं. एकाच रस्त्याने दोनदा जायचं नाही.

खरं ते सांगते. नियम चांगला होता. महिन्यात तीनदा भरावं लागणारं पेट्रोल एकदाच भरू लागले. रविवारी अकराच्या आत सगळं घरात. मलाही शिस्त आवडते.

पण त्या दिवसापासून मी कुमाररावांच्या शर्टाच्या खिशात गेले. अंघोळीलाही मला बरोबर नेत. सोमवार ते शनिवार मी अंधारात, आणि सुमतीबाई चौथ्या मजल्यावर. बाहेर जायला कामच उरलं नव्हतं. सगळं आधीच आणलेलं असे.

एका रविवारी भाजी देताना हौसाने कुमाररावांना सांगितलं, मंगळवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, बुधवारी दहाला पट्टी काढणार. मुलगा शिवा डंपरवर, त्याला सुट्टी नाही. मंगळवारी तो दवाखान्यात नेऊन घरी सोडेल, पण बुधवारी न्यायला कोणी नाही.

"सुमतीतायला सांगा," ती म्हणाली. "पट्टी काडल्यावर पयलं तोंड तिचं बगायचं हाय. तुमचं नको."

कुमारराव हसले. निरोप त्यांनी घरी दिला. बाईंनी लगेच किल्ली मागितली.

"बुधवारी आणखी काय काय कामं आहेत?" कुमाररावांनी विचारलं.

"एवढंच."

"मग रविवारी नेऊ तिला. मी जातोच आहे."

"डॉक्टर रविवारी बसत नाहीत. आणि पट्टी तोवर ठेवतात का कोणी?"

"एका कामाला गाडी निघणार नाही. उद्या तूच म्हणशील, नियम मोडला."

बुधवारी चहा झाल्यावर बाईंनी हात पुढे केला. कुमाररावांचा हात खिशावर आला. मी त्या तळव्याखाली दाबली गेले. मला ओरडता येत नाही. बाईंनी हात मागे घेतला, चप्पल घातली आणि जिना उतरल्या.

त्यांचे गुडघे दुखतात. गावापर्यंत चालत, पुढे हौसाला धरून रिक्षाने. दहाला पोहोचतील की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. कुमाररावांनाही नव्हता. ते चार वेळा गॅलरीत गेले. प्रत्येक वेळी खिसा चाचपला, जणू मीच पळून जाणार होते.

बाई दोन वाजता आल्या. म्हणाल्या, हौसाला स्वच्छ दिसतंय. पहिलं वाक्य काय बोलली तर, "तू म्हातारी झालीस गं."

"किती वेळ गेला?" कुमाररावांनी विचारलं.

"मोजला नाही."

दुसऱ्या दिवशीही बाई हौसाकडे निघाल्या. पायी. तिसऱ्या दिवशीही. आता रोज जातात. कधी पिशवीत एक लिंबू असतं, कधी काहीच नसतं.

गेल्या महिन्यात कुमाररावांनी मला बाहेर काढलं आणि बाईंच्या कपाशेजारी ठेवलं.

"घेऊन जा. पाय सुजलेत तुझे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तयार होते. सात महिन्यांत त्यांचा हात मला लागला नव्हता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "गाडी नेली की तुम्ही विचारणार, येताना आणखी काय काय आणलंस."

कुमाररावांनी मला उचललं आणि परत खिशात टाकलं. दुसरीकडे कुठे ठेवावं, ते त्यांना सुचलं नाही.

मी तिथेच आहे. रविवारी फेरी होते, अकराच्या आत. पेट्रोल वाचतं. माझे दात अजून धारदार आहेत आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते.

तुमच्या घरात अशी एखादी किल्ली कोणाच्या खिशात असेल, तर आज बाहेर काढा. हात पुढे आलेला असतानाच द्या. नंतर दिली तर घेत नाहीत.